अवधाण

कानाए एगाशिराचं काम काळं पाहण्याचं.
आरिआके खाडीतून रात्री खुडून आणलेलं शेवाळ
कागदासारखं थापून, वाळवून,
दहा-दहा पानांच्या गड्ड्यांनी तिच्या टेबलावर येतं
आणि ती ठरवते:
हे काळं उंची,
हे काळं बरं,
हे भाजून भुगा करायच्या लायकीचं.
दिव्यासमोर धरलं की काळ्यातून हिरवं निघतं.
भाव त्या हिरव्याचा.

जानेवारीत तिची मान उजवीकडे वळेना.
कानामागून खाली तीन गाठी,
एक लिचीच्या बीएवढी, दोन हरभऱ्याएवढ्या,
दाबलं की कळ जबड्यापर्यंत.
ताप वेळेचा पक्का, संध्याकाळी सहाला,
होड्या बाहेर पडायच्या सुमाराला.
थंडी बाधली, तोमोए मावशी म्हणाली,
आणि मग रात्रभर भांडी घासत बसली,
घासलेलीच.

गाठीचा तुकडा काढून नेला. निकालाला आठ दिवस.
सहाव्या दिवशी डावा डोळा लाल.

डोळे आले म्हणतात, ते हे नव्हे.
आलेल्या डोळ्यांना चिपडं असतात, खाज असते,
चार दिवसांत ते घरादाराला वाटून निघून जातात.
हा कोरडा लाल.
बुबुळाभोवती जांभळट कडं,
आत खोल ठणका,
आणि उजेड टोचत होता,
तोच उजेड, ज्यावर तिचं पोट.

सागा शहरात डॉक्टर मुतागुचींनी
तिची हनुवटी पट्टीवर टेकवली
आणि उजेडाची एक उभी फट डोळ्यात सोडली.
बराच वेळ पाहिलं.
बंद खोलीतल्या कवडशात धूळ तरंगते
तशा पांढऱ्या पेशी.
"इथलं पाणी नितळ हवं," ते म्हणाले.
ती म्हणाली, "आमच्याकडे गढूळ पाण्यातच पीक चांगलं येतं."
ते हसले नाहीत. लिहीत राहिले.

निकाल आला. किकुची.
शाळेतल्या गणिताच्या बाईंचं आडनाव.
कर्करोग नाही, हे वाक्य मावशीने तीनदा वाचायला लावलं.
गाठीत पेशी मेल्या होत्या,
पू नव्हता, जंतू सापडला नाही,
होत्या फक्त मेलेल्यांना गिळून
जागा साफ करणाऱ्या दुसऱ्या पेशी.
आपलीच माणसं, आपलेच खांदेकरी.
डोळा का? डॉक्टर म्हणाले, कधीकधी. फार क्वचित.
याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं
आणि त्यांनी तसं सांगितलं.

मराठीत अशा गाठीला अवधाण म्हणतात.
जखम एकीकडे, सूज दुसरीकडे.
पायाला काटा, जांघेत अवधाण.
ण चा न केला की तेच होतं लक्ष देणं.
तिला हे सांगायला मी तिथे नव्हते.
ती तर कधीची डोळ्यात तेल घालून बसलेली,
आता दर तासाला एक थेंब,
रात्री गजर लावून,
आणि बाहुली मोठी करणारा दुसरा,
ज्याने जवळचं सगळं विरघळायचं:
पान, पानाची कड, स्वतःची नखं.

फेब्रुवारीभर पडदे ओढलेले.
गड्ड्या दुसऱ्या कुणी तपासल्या.
गाठी आपल्या आपण बसल्या, एक शेवटपर्यंत हट्टी.
थेंब दोन तासांवर, मग चारवर, मग सकाळ-संध्याकाळ.
पुन्हा होईल? होऊ शकतं.
वर्षातून दोनदा रक्त तपासा,
दुसरं काही मागून येतंय का बघायला.

मार्चच्या शेवटच्या लिलावाला ती टेबलावर परतली.
पहिलंच पान उचललं, दिव्यासमोर धरलं.
हिरव्यात एक काळा ठिपका.
डाग पानाचा की डोळ्याचा?
तिने पान स्थिर ठेवलं
आणि नजर हळूच डावीकडे नेली.
ठिपका नजरेमागून निघाला,
जरा उशिरा, तरंगत.

तिने पान उंचीच्या गड्डीवर ठेवलं.
दुसरं उचललं.